पंचनाम्याला ऐंशी वर्षं उशीर : हॅम्बुर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन

विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे सर्व्हे करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. भिवंडीची जळालेली गोदामं, इचलकरंजीचे पाण्यात गेलेले माग, २००५ च्या जुलैत चिखलाने भरलेली कल्याणची दुकानं. निवृत्त झालो तरी इमारत दिसली की नजर आधी तडे शोधते. मे २०२५ मध्ये लेक-जावयाकडे हॅम्बुर्गला तीन आठवडे होतो, त्यातले सहा दिवस मी माझ्यासाठी मागून घेतले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवर झालेली बाँबफेक हा माझा जुना नाद. लोकांच्या घरांवर बाँब टाकले की लोक हाय खातील आणि सरकारला गुडघे टेकायला लावतील, या हिशेबावर त्या काळी अफाट पैसा आणि माणसं ओतली गेली. तो हिशेब कितपत जमला, ते जागेवर जाऊन बघायचं होतं. "म्हणजे सहलीतसुद्धा पंचनामाच," ही म्हणाली. पण आली.

दिवस पहिला : हॅम्बुर्ग, भुरभुर पाऊस

लेकीच्या घरून निघताना आभाळ स्वच्छ होतं, स्टेशनला पोचेपर्यंत भुरभुर सुरू. हॅम्बुर्गला जाणाऱ्यांनो, छत्री घरी ठेवा आणि टोपी असलेलं जाकीट घ्या. वारा छत्री टिकू देत नाही. माझी छत्री पहिल्याच चौकात उलटली.

सेंट निकोलाय चर्चचा आता फक्त मनोरा उभा आहे. बाकी मोकळी जागा, थोड्या भिंती, आकाश. मनोरा १४७ मीटर उंच, १८७४ ते १८७६ ही दोन वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत. काचेची लिफ्ट ७६ मीटरपर्यंत नेते. वरून एल्ब नदी, बंदराच्या क्रेन, लाल विटांची वखारींची रांग असं सगळं ओलंचिंब दिसत होतं. गंमत म्हणजे ब्रिटिश वैमानिक दिशा धरायला हाच मनोरा बघायचे, आणि नेमका तोच शाबूत राहिला.

२४ जुलै १९४३ च्या रात्री सुमारे ७९० विमानं इथे आली. त्यांनी आधी चंदेरी पट्ट्यांचे गठ्ठे आभाळात सोडले. या पट्ट्यांमुळे जर्मन रडारवर हजारो खोटी विमानं उमटली आणि तोफा आंधळ्या झाल्या. पुढचे दहा दिवस हल्ले चालू होते. २७-२८ जुलैच्या रात्री तर शहराच्या पूर्व भागात आगीचं वादळ उठलं. हवा उन्हाने तापलेली, आगीचे बंब आधीच शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेले. वारा ताशी २४० किलोमीटरपर्यंत गेला असं सांगतात. तळघरात बसलेली माणसं जळून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने गेली. सगळे मिळून मृत साधारण ३५ हजार. नऊ लाखांवर लोक शहर सोडून पळाले. ब्रिटिशांनी या मोहिमेला नाव ठेवलं होतं 'गमोरा', बायबलमध्ये देवाने जाळलेल्या नगराचं.

चर्चच्या तळघरात प्रदर्शन आहे. तिथे हॅम्बुर्गच्या आधी वॉर्सा आणि कॉव्हेंट्री येतात. आधी जर्मनांनी काय केलं, मग आपलं काय झालं, हा क्रम मला आवडला. आमच्या धंद्यात घटनाक्रम लावता येणारा अशील क्वचित भेटतो.

रात्री जेवायला पांढरा श्पार्गेल. मे महिन्यात अख्खा जर्मनी या शतावरीच्या कोंबांच्या मागे असतो, सोबत उकडलेले बटाटे आणि लोण्याची रस्सा-वजा चटणी. हिने वर लाल तिखट भुरभुरलं तेव्हा जावई काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भुवया वर गेल्या.

जेवताना माझी टकळी सुरू झाली. जावई अभियंते, त्यांना आकडे लागतात. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी आपल्याच वैमानिकांचे फोटो तपासले, तेव्हा दिसलं की लक्ष्यावर बाँब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी तिनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होतं. पाच मैल! म्हणजे मंडईवर नेम धरला तर बाँब हडपसरला. मग कारखाना दिसत नसेल तर शहर तरी दिसतं ना, असा विचार पुढे आला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात सरळ लिहिलं गेलं की रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः कामगारांच्या, मनोधैर्यावर ठेवायचा. दीड महिन्याने चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लिंडेमन यांनी टिपण दिलं की माणूस नातेवाईक गेल्यापेक्षाही घर गेल्याने जास्त खचतो. तेव्हा मोठ्या शहरांतली घरं पाडली, एक तृतीयांश जर्मन बेघर केले, की त्यांचा कणा मोडेल.

"आधार काय होता त्याला?" जावयांनी विचारलं.

आधार होता हल आणि बर्मिंगहॅम या ब्रिटिश शहरांचा सर्व्हे, जर्मन बाँबहल्ल्यांनंतर केलेला. पण तो करणाऱ्यांना लोकांचं मनोधैर्य मोडल्याचा पुरावा मिळालाच नव्हता. टिझार्ड आणि ब्लॅकेट या शास्त्रज्ञांनी लिंडेमन यांचे आकडे फुगवलेले आहेत असं तेव्हाच सांगितलं. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं होतं. सर्व्हेयरचा रिपोर्ट एक सांगतो आणि साहेब आधीच ठरवलेला क्लेम पास करतात, हे मी किती वेळा बघितलंय.

दिवस दुसरा : ओल्सडॉर्फ आणि हामरब्रूक

सकाळी फ्रान्झब्रोटशेन खाल्लं. दालचिनी-साखरेचं, दाबून चपटं केलेलं, बोटं चिकट करणारं. हॅम्बुर्गात दुसरं काही खाल्लं नाही तरी चालेल.

ओल्सडॉर्फचं दफनभूमी-उद्यान इतकं मोठं की आतून शहर बस धावते. चालत जाऊ नका, आमच्यासारखे भलत्याच टोकाला पोचाल. ऱ्होडोडेंड्रॉन नुकते फुलले होते, पुरुषभर उंच जांभळ्या भिंती. ही त्यांचे फोटो काढत मागे राहिली आणि मी पुढे त्या जागेपाशी पोचलो.

क्रॉसच्या आकाराची भलीमोठी सामुदायिक थडगी. हिरवळ, आणि आडव्या लाकडी तुळया. तुळयांवर माणसांची नावं नाहीत, वस्त्यांची आहेत : हामरब्रूक, रोथेनबुर्ग्सोर्ट, हाम. ओळख पटवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून वस्तीगणिक पुरलं. मधोमध गेरहार्ड मार्क्स यांचं १९५२ सालचं दगडी शिल्प : मृतांना नदीपार नेणारा नावाडी आणि नावेत गप्प बसलेली माणसं. कोणी रडत नाही, कोणी हात वर करत नाही.

तिथे बाकावर एक आजी बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. लेकीने त्यांना वेळ विचारली आणि गप्पा सुरू झाल्या, लेक दुभाषी. १९४३ मध्ये त्या सहा वर्षांच्या. घर गेलं, आईने ओली घोंगडी पांघरून कालव्याच्या काठाने बाहेर काढलं. मी माझा प्रश्न विचारला : त्यानंतर तुमच्या आईला सरकारचा राग आला का? आजींनी लेकीकडे बघितलं, प्रश्न नीट समजला का याची खात्री केली, आणि म्हणाल्या, "राग यायला आधी पोटात काहीतरी लागतं. सूप सरकारच देत होतं."

मग त्यांनी कपाटाचं सांगितलं. बेघर झालेल्यांना सामान मिळत होतं, त्यात त्यांच्या आईला एक चांगलं अक्रोडाचं कपाट मिळालं, नावापुरत्या पैशांत. खणांत अंथरलेली वर्तमानपत्रं डच होती. पोरवयात त्यांनी त्याचा विचार केला नाही. पुढे कळलं. हॉलंडमधल्या ज्यूंना छळछावण्यांत पाठवल्यावर त्यांच्या घरांतलं सामान हॅम्बुर्गच्या बंदरात उतरत होतं, त्याचे लिलाव होत होते, आणि बाँबने घर गेलेली कुटुंबं ते घेत होती. "आई गेल्यावर कपाट कोणाला द्यावं, कळेना," आजी म्हणाल्या. त्यांची बस आली. आम्ही त्यांना चढायला मदत केली.

परतताना मी बसमध्ये गप्प होतो. नुकसानभरपाईचा १९४० सालचा हुकूम मला ठाऊक होता. बाँबने घर गेलेल्या जर्मनांनी चमच्यांपासून पडद्यांपर्यंत याद्या करून सरकारकडे दावे लावले होते. आमच्या पॉलिसीत युद्धाचं नुकसान नेहमी वगळलेलं असतं, तिथे सरकारच विमा कंपनी झालं होतं. मोठ्या हल्ल्यानंतर खरी कॉफी, सिगारेटी, जादा रेशन वाटत. घर, अन्न, पांघरूण, कागदावरचा शिक्का, सगळ्यासाठी माणूस त्याच एका खिडकीसमोर रांगेत. लिंडेमन यांच्या टिपणात बेघर माणूस सरकारवर उठतो. प्रत्यक्षात तो सरकारच्या दारात उभा राहिला होता, आणि त्या दारावरून उठून जायची त्याची ऐपत नव्हती. शिवाय दारात गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस.

दुपारी हामरब्रूक. एस-बान, म्हणजे इथली लोकल, खांबांवरून जाते, खाली काचेची ऑफिसं, कालवे, जेवणाच्या सुट्टीत सॅलडचे डबे घेऊन बसलेली मंडळी. युद्धाआधी इथे दाटीवाटीने कामगारांच्या चाळी होत्या. आगीच्या वादळानंतर हा भाग भिंत घालून बंद केला आणि प्रेतं उपसायला नोएनगामं छळछावणीतले कैदी जुंपले. वस्ती पुन्हा म्हणावी तशी वसलीच नाही.

अन् हीच वस्ती डाव्यांची होती. नाझींच्या आधीच्या निवडणुकांत लाल मतं देणारी. दाट वस्ती चांगली पेटते म्हणून तिच्यावर नेम. एल्बच्या काठचे बागबंगलेवाले बरेचसे वाचले.

कारखान्यांचं काय झालं? युद्ध संपल्यावर अमेरिकेने बाँबफेकीच्या परिणामांची मोठी पाहणी केली. त्यात हॅम्बुर्गचं उत्पादन पाच महिन्यांत पूर्वीच्या जवळजवळ ८० टक्क्यांवर आल्याचं दिसलं. या पाहणीत काम केलेले अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथ, जे पुढे १९६१ मध्ये भारतात राजदूत म्हणून आले, त्यांनी दाखवलेला मुद्दा तर अफलातून : शहराच्या मध्यभागातली दुकानं, हॉटेलं, कॅफे जळाले, तिथले वेटर आणि कारकून रिकामे झाले आणि युद्धसाहित्याच्या कारखान्यांना हवे असलेले हात मिळाले.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या पारड्यात टाकायला हवी. हॅम्बुर्गनंतर हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर हबकला होता. अशी आणखी सहा शहरं गेली तर उत्पादन थांबेल, असं त्याने हिटलरला सांगितलं. नंतर त्याला स्वतःलाच कळलं की आपण घाबरून बोललो होतो. १९४२ मध्ये जर्मनीने सुमारे १५ हजार विमानं बनवली, १९४४ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास.

दिवस तिसरा : बर्लिनची गाडी आणि अडीचशे किलो

हॅम्बुर्ग-बर्लिन हा दोनेक तासांचा प्रवास. आम्हाला साडेपाच तास लागले. अर्ध्या वाटेत गाडी थांबली, घोषणा झाली, आणि डब्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उसासा टाकला. लेकीने कानात सांगितलं, "बाबा, तुमच्यासाठीच. पुढे बाँब सापडलाय."

बांधकामासाठी खोदताना अडीचशे किलोचा जुना बाँब निघाला होता. आसपासची घरं रिकामी करणार, मग तज्ज्ञ येऊन फ्यूज काढणार, तोपर्यंत रूळ बंद. मी जागेवरून उठून उभा राहिलो, बाकी कोणी मान वर केली नाही. समोरच्या बाईंनी उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. खिडकीजवळचा विद्यार्थी म्हणाला, शाळेत असताना अशा बाँबमुळे त्याला दोनदा सुट्टी मिळाली होती आणि एकदा गणिताचा पेपर पुढे गेला होता. हिने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. विद्यार्थ्याने पाच पुऱ्या खाल्ल्या. अंडंवाल्या बाईंनी एक घेतली, चटणी लावून, आणि मग बराच वेळ पाणी पीत होत्या.

उशीर एक तासाच्या वर गेला की तिकिटाचे काही पैसे परत मिळतात, हे मी उत्साहाने वाचायला घेतलं. युरोपचा नियम : ६० मिनिटांना २५ टक्के, १२० मिनिटांना ५०. खाली बारीक अक्षरांत, असाधारण परिस्थिती वगळून. मी फोन खिशात ठेवला. वगळणुकीचं कलम मला कोणी समजावून सांगायला नको.

कामाची माहिती : महिन्याच्या डॉयचलँड-तिकिटावर (२०२५ मध्ये ५८ युरो) देशभरातल्या लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या चालतात, पण आय.सी.ई. सारख्या जलद गाड्या नाहीत. ते दरमहा आपोआप नव्याने सुरू होतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढचे पैसे गेले.

दिवस चौथा : बर्लिन, जमिनीखाली आणि वर

गेझुंडब्रुनन स्टेशनच्या भिंतीत एक साधं हिरवं दार आहे, आत युद्धकाळातला बंकर. दीड तासाची वाटाड्यासह फेरी असते, फोटो काढू देत नाहीत, जाकीट मेमध्येही लागतं. एका खोलीत वाटाड्याने दिवे घालवले. भिंतींना तेव्हा लावलेला चमकणारा रंग अजून मंद हिरवा उजळतो. हवा संपत आली का कळावं म्हणून मेणबत्त्या तीन उंचींवर ठेवत : जमिनीवरची विझली की पोरांना उचलून घ्यायचं, छातीपर्यंतची विझली की बाहेर पडायचं, वर काहीही चाललेलं असो.

अंधारात मला १९७१ चा डिसेंबर आठवला. मी आठ वर्षांचा, परळच्या चाळीत. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, भोंगा वाजला की जिन्याखाली. आमच्यावर काही पडलं नाही. पण शेजारचे काका, जे एरवी इंदिराबाईंना रोज शिव्या घालायचे, ते पंधरा दिवस चाळीत "दिवे घालवा रे" म्हणत फिरत होते, आणि शिव्यांचं नाव नाही. भोंगा ऐकून माणूस सरकारविरुद्ध उठतो हे लिहिणाऱ्याने जिन्याखाली बसून बघायला हवं होतं. खरं तर लंडनकरांनी बघितलंच होतं. जर्मन हल्ल्यांत चाळीस हजारांवर ब्रिटिश नागरिक मेले, लोक मोडले नाहीत, उलट चवताळले. तरी वरच्यांचा समज असा की आपली माणसं टणक, त्यांची मऊ.

बाहेर लख्ख ऊन. शेजारीच हुंबोल्टहाइनची टेकडी. टेकडी कसली, विमानविरोधी तोफांचा काँक्रीटचा बुरूज, त्यावर शहराचा राडारोडा ओतून झाडं लावली. फ्रेंचांनी तो उडवायला घेतला, पण रुळांकडचे मनोरे उडवले तर रेल्वे जाईल म्हणून ते राहिले. आता त्या भिंतीवर दोर लावून पोरं चढतात, आणि पायथ्याशी गुलाबांची बाग. राडारोडा हा आमचा आवडता विषय. साल्व्हेज, म्हणजे मोडतोडीतून कामाचं असं किती निघालं, हा क्लेममधला शेवटचा रकाना. इथे साल्व्हेजची टेकडी झाली.

संध्याकाळी कैसर विल्हेल्म चर्च. २३ नोव्हेंबर १९४३ च्या हल्ल्यात मोडलेला मनोरा तसाच ठेवलाय, बर्लिनकर त्याला 'पोकळ दात' म्हणतात. शेजारचं १९६१ चं नवं चर्च बाहेरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, करडं. आत गेलो आणि दोघंही थांबलो. चहूबाजूंनी निळा, नुसता निळा काचप्रकाश. ही अर्धा तास हलली नाही. इथे आकडे आठवू नयेत असं वाटलं, तरी आठवले.

ब्रिटिश बाँबर दलाचे प्रमुख हॅरिस यांनी बर्लिनबद्दल चर्चिलना लिहिलं होतं : आपली ४०० ते ५०० विमानं जातील, जर्मनीचं युद्ध जाईल. डिसेंबर १९४३ मध्ये तर तारीखही दिली, १ एप्रिल १९४४ पर्यंत शरणागती अटळ होईल अशी अवस्था आणू. १ एप्रिल ही तारीख आपल्याकडे कोणी शहाण्याने निवडली नसती. त्या हिवाळ्यात हजारावर विमानं गेली. ३०-३१ मार्चच्या रात्री न्युरेंबर्गवर गेलेल्या ७९५ पैकी ९५ परतली नाहीत. युद्ध संपेपर्यंत या दलातल्या सव्वा लाख तरुणांपैकी ५५,५७३ मेले. बर्लिन उभंच होतं, कामावर जात होतं.

रात्री जावयांचा फोन. माझ्या हिशेबात एक बाजू राहतेय असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. शहरं वाचवायला जर्मनीला हजारो तोफा, लाखो माणसं आणि लढाऊ विमानांचा मोठा भाग घरी अडकवावा लागला. नाहीतर त्या ८८ मिलिमीटरच्या तोफा रशियन रणगाड्यांवर चालल्या असत्या. मे १९४४ पासून कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलमधल्या पावणेदोन लाख टनांवरून सप्टेंबरपर्यंत दहा हजार टनांच्याही खाली गेलं. विमानं होती, उडवायला तेल नव्हतं. म्हणजे आभाळातून युद्ध जिंकायला मदत झाली, यात वाद नाही. पण लोकांना सळो की पळो करून सोडलं म्हणून नव्हे. आमच्या भाषेत, निकटतम कारण वेगळं. तोफा अडकल्या हा मात्र शहरांवरच्याच हल्ल्यांचा परिणाम, तो मला वजा करता येईना. फोन ठेवल्यावरही मी त्यावर घोळत होतो.

दिवस पाचवा : ड्रेस्डेन

बर्लिनहून दोन तास. गाडीत उकाडा, उतरलो तर एल्बवर काळे ढग. आधी आयरशेकं हा इथला केक खाल्ला. खाली चक्क्यासारख्या क्वार्कचा थर, वर अंड्याचा हलका पिवळा थर. हिने दुकानदारीणबाईंना खुणेने कृती विचारली, त्यांनी खुणेने सांगितली, दोघी खूश. घरी करून बघितलं तेव्हा ते ढोकळ्यासारखं झालं.

फ्राउएनकिर्श चौकात उभं राहिलं की पहिल्यांदा दिसतात काळे दगड. फिकट वाळुरंगी भिंतीत मधूनच कोळशासारखे ठिपके. ते जुन्या चर्चचे. ढिगाऱ्यातून काढून, मोजून, जागच्या जागी परत बसवलेले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बाँब पडले, चर्चने दीड दिवस तग धरला आणि १५ तारखेच्या सकाळी घुमट खाली आला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ढीग तसाच होता. १९९४ ते २००५ मध्ये पुन्हा उभं केलं. वरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या कारागिराने घडवला. त्याचे वडील त्या रात्री ड्रेस्डेनवर आलेल्या वैमानिकांपैकी. मी पुष्कळ दुरुस्त्या तपासल्या, इतकी बारकाईने केलेली बघितली नाही. घुमटावर चढायचं असेल तर सकाळी जा. दुपारी रांग आणि गुडघे दोन्ही वाढतात.

पाऊस कोसळला आणि आम्ही आल्टमार्क्टच्या कमानींखाली धावलो. याच चौकात रुळांच्या जाळ्या करून ६,८६५ प्रेतं जाळली. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये एकूण मृतांचा आकडा २५ हजारांपर्यंत ठरवला. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने त्या वेळी मागे एक शून्य जोडून दोन लाख केला होता. फुगवलेला क्लेम! आणि तो आजही चालवणारे अतिउजवे लोक दर फेब्रुवारीत इथे येतात, म्हणून २०१० पासून गावकरी त्याच दिवशी हातात हात घालून मानवी साखळी करतात. २५ हजार माणसं कमी वाटली त्या अतिउजव्यांना.

लष्करी उपयोग काय झाला? रेल्वे हे मोठं कारण सांगितलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत गाड्या पुन्हा धावू लागल्या. माझी परवाची गाडी आठवली. २८ मार्च १९४५ ला खुद्द चर्चिलनी टिपण लिहिलं की निव्वळ दहशत वाढवायला, इतर सबबी सांगून, शहरांवर बाँब टाकण्याचा आता फेरविचार व्हावा. हे वाक्य आधी कोणी बोललं असतं तर त्यालाच घरी बसवलं असतं.

नदीवरचा कारोला पूल मधेच तुटलेला दिसला, पण तो बाँबने नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा एक भाग आपला आपण पडला. तो उपसताना जानेवारी २०२५ मध्ये पाण्याजवळ ब्रिटिश बाँब सापडला आणि दहा हजार लोकांना घरं सोडावी लागली.

दिवस सहावा : ब्र्यूलचा कट्टा

सकाळी लष्करी इतिहासाचं संग्रहालय, नदीपलीकडे. जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत वास्तुकार लिबेस्किंड यांनी २०११ मध्ये पोलादाची पाचर ठोकलीय, आणि पाचरीचं टोक जिथून बाँबफेक सुरू झाली त्या दिशेला. वर तिरक्या जमिनीवर तोल जातो. अर्धा दिवस हाताशी ठेवा, आम्हाला तोही पुरला नाही. जाण्याआधी संकेतस्थळ बघा, आठवड्यात एक दिवस बंद असतं.

संध्याकाळ ब्र्यूलच्या कट्ट्यावर. नदीकाठची उंच फरसबंदी, बाकं, खाली जुन्या चाकांच्या आगबोटी. पाऊस धुऊन गेलेला, उजेड पिवळा. इथे मी हिला व्हिक्टर क्लेम्पेररची गोष्ट सांगितली.

ड्रेस्डेनमधला ज्यू प्राध्यापक. नोकरी गेली, घर गेलं, अंगरख्यावर ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा. बायको एफा ज्यू नव्हती आणि तिने त्याला सोडलं नाही, म्हणून तेवढा शिल्लक. रोजची डायरी लिहायचा, सापडली असती तर मरण. १३ फेब्रुवारी १९४५ च्या दिवशी गावात उरलेल्या मूठभर ज्यूंना नोटिसा निघाल्या : तीन दिवसांनी कामासाठी हजर व्हा. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. त्या घरोघरी पोचवायचं काम क्लेम्पेररवरच आलं, आणि तो दिवसभर ते करत फिरला. रात्री बाँब पडले. दोघांची ताटातूट झाली, सकाळी याच कट्ट्यावर पुन्हा भेट. गेस्टापोचे कागद जळाले होते. एफाने छोट्या चाकूने त्याच्या कोटावरचा तारा कापून काढला, आणि ती दोघं बेघर जर्मनांच्या गर्दीत मिसळून निघून गेली. युद्धानंतर ड्रेस्डेनला परतला आणि १९६० पर्यंत जगला.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, म्हणजे त्या पंचवीस हजारांच्या वहीत हे कुठे लिहायचं?"

मी म्हटलं, वैमानिकांना तो माहीतही नव्हता.

"ते मला कळतं हो. कुठे लिहायचं ते विचारतेय."

खालून बोटीने भोंगा दिला. हिने पर्समधला फळं कापायचा चाकू काढला, तो उघडून क्षणभर बघत राहिली, आणि सफरचंद कापायला घेतलं. आठ वाजून गेले होते तरी उजेड होता.